बिनपत्त्याचे पाहुणे

मराठी माणसाला नवा माणूस भेटला की दोन मिनिटांच्या आत तो "मूळचे कुठले?" असं विचारतो. त्याशिवाय त्याला समोरच्याशी पावसापाण्यावरसुद्धा बोलता येत नाही. "ठाण्याला असतो" एवढ्या उत्तरावर त्याचं समाधान होत नाही. "ते झालं हो. पण मूळचे?" वास्तविक आपल्या पूर्वजांनी ही सोय आडनावातच करून ठेवली होती. आडनाव उच्चारलं की शेवटच्या 'कर'च्या अलीकडे गाव उभं. पण सात पिढ्यांत साताऱ्याचं पाणी न प्यालेले सातारकर नागपुरात सापडतात आणि नागपूरकर कुलाब्यात, म्हणून आपण खात्री करून घेतो इतकंच.

अशा चौकस समाजात राहणाऱ्या आपल्या उघड्या तळहातातून साधारण दर सेकंदाला एक कण आरपार जातो. छप्पर, पंखा, वर्तमानपत्र, कशाचीही पर्वा न करता. रात्री झोपेत जातो, मुलीकडची मंडळी पोहे खात बसलेली असतात तेव्हाही जातो. आणि त्याला कुणी एका शब्दानं "मूळचे कुठले?" विचारत नाही! म्हणजे आपण विचारत नाही. विचारणारी माणसं आहेत. ती एका शतकाहून अधिक काळ तोच प्रश्न विचारताहेत, आणि पाहुणा काही सांगायला तयार नाही.

ह्या पाहुण्यांना विश्वकिरण म्हणतात. तळहातातून जातो तो खरं म्हणजे नातू. मूळचा जो आला, तो आपल्या डोक्यावर पंधरा-वीस किलोमीटरवरच हवेतल्या एखाद्या अणूवर आदळून संपलेला असतो. त्याच्या आदळण्यातून मुलं होतात, मुलांची मुलं होतात, आणि त्यातली जी चिवट असतात ती खाली आपल्यापर्यंत पोचतात. म्युऑन हे त्यांचं नाव. सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातले जेमतेम दोन भाग एवढं त्यांचं आयुष्य. तेवढ्यात ती आपल्याकडे येऊनही जातात. आमच्याकडचे काही पाहुणे आठवले की ह्या म्युऑनांविषयी माझ्या मनात फार आदर दाटून येतो.

ह्यांचा सुगावा लागला तो एका गळतीमुळे. विद्युतभार मोजायचं एक साधं उपकरण असतं. त्यात भार भरून, झाकण घट्ट लावून, कितीही बंदोबस्तात ठेवलं तरी तो हळूहळू नाहीसा होतो. महिन्याचा पगार खिशात ठेवून पाहिलेल्या कोणालाही ह्यात आश्चर्य वाटणार नाही, पण शास्त्रज्ञांना वाटलं. कोणी म्हणालं, जमिनीत किरणोत्सारी द्रव्यं आहेत, त्यांचा हा प्रताप. मग जमिनीपासून जितकं वर जावं तितकी गळती कमी व्हायला हवी. थिओडोर वुल्फ नावाचे एक जर्मन पाद्री १९१० साली हे उपकरण घेऊन पॅरिसच्या आयफेल टॉवरवर चढले. सगळं पॅरिस खाली पसरलेलं असताना हा गृहस्थ वर बसून गळती मोजत होता. ती कमी झाली, पण हिशेबानं व्हायला हवी तितकी झाली नाही.

मग ऑस्ट्रियाचे व्हिक्टर हेस फुग्यात बसून वर गेले. एकदा नव्हे, अनेकदा. रात्री गेले, दिवसा गेले. १७ एप्रिल १९१२ ला सूर्यग्रहण होतं, तेव्हाही गेले. आपल्याकडे त्या वेळी माणसं पाण्यात दर्भ टाकून बसली असती. चंद्राने सूर्य झाकला तरी गळतीत फरक पडला नाही, म्हणजे सूर्याचा दोष नव्हता. शेवटी ७ ऑगस्ट १९१२ ला हायड्रोजनच्या फुग्यातून हेस पाच हजार मीटरच्याही वर गेले. तिथे श्वास घ्यायची मारामार. पण आकडा जमिनीवरच्यापेक्षा कमी व्हायच्याऐवजी कितीतरी वाढलेला! म्हणजे हे जे काही होतं ते वरून येत होतं. हेसना ह्याबद्दल १९३६ साली नोबेल मिळालं. मधली चोवीस वर्षं ते फुग्यात नव्हते, पण नोबेलवाले मात्र हवेतच होते असं दिसतं.

नाव ठेवलं अमेरिकेच्या मिलिकननी, १९२५ मध्ये. आणि इथेच घोटाळा झाला. बारशाला आत्येनं ठरलेल्या नावाऐवजी भलतंच नाव कानात सांगावं तसं झालं. त्यांना वाटलं हा प्रकाशासारखा, पण फार जोरकस असा किरणच आहे. अवकाशात नवे अणू जन्माला येताहेत, त्यांचं हे पहिलं रडणं. कल्पना सुंदर होती. पण आर्थर कॉम्प्टन नावाच्या दुसऱ्या तितक्याच वजनदार गृहस्थांनी १९३२ मध्ये जगभर मोजमापं करवून घेतली आणि दाखवलं, की विषुववृत्ताजवळ हे पाहुणे कमी आणि ध्रुवांकडे जास्त येतात. पृथ्वीचं लोहचुंबक त्यांना बाजूला सारतं. प्रकाशाला लोहचुंबक हात लावत नाही. तेव्हा हे किरण नव्हेत, विद्युतभार असलेले कण आहेत. शंभरातले नव्वद प्रोटॉन, नऊ हेलियमची केंद्रकं आणि उरलेल्या एकात बाकी सगळे. दोघांचं भांडण वर्तमानपत्रांपर्यंत गेलं. कॉम्प्टन जिंकले, पण नाव 'किरण' ते किरणच राहिलं. चुकीचं नाव एकदा रेशनकार्डावर चढलं की काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको.

आता त्यांना "मूळचे कुठले?" विचारायची अडचण लक्षात येईल. ती अडचण म्हणजे हा विद्युतभार. आकाशगंगेत सगळीकडे चुंबकीय क्षेत्र पसरलेलं आहे. फार दुबळं. आपली होकायंत्राची सुई हलवणाऱ्या पृथ्वीच्या क्षेत्राच्या साधारण एक लक्षांश. पण ते क्षेत्र संपता संपत नाही, आणि भार असलेला कण त्यात सरळ जाऊ शकत नाही. तो वळतो. वळता वळता गोल फिरतो. नेहमीचा, मध्यमवर्गीय म्हणावा असा प्रोटॉन घेतला तर त्याच्या ह्या गिरकीची त्रिज्या कोटीभर किलोमीटर भरते. आपल्याला हे मोठं वाटेल. पण इथून सूर्यच पंधरा कोटी किलोमीटरवर आहे, आणि आकाशगंगा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक लाख प्रकाशवर्षं! म्हणजे तुळशीबागेतल्या गर्दीत एखाद्यानं स्वतःभोवती फिरत फिरत काशीला जायला निघावं तसं हे. त्यातून चुंबकीय क्षेत्रही सरळ नाही. जागोजागी गुंतलेलं, पीळ पडलेलं. एका गुंत्यातून सुटला की कण दुसऱ्यात. कुठून निघाला होता ह्याचा त्याच्या दिशेवर मागमूस उरत नाही. ते आपल्याकडे येतात ते चहूबाजूंनी जवळजवळ सारखे. हजारात एखाद्याचा फरक.

हे वाचल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आमचे नाना उभे राहिले.

नाना म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. आम्ही तेव्हा पुण्याला पर्वतीच्या पायथ्याशी राहत होतो. काकूंनी नानांना मंडईतून कोथिंबीर आणायला पाठवायचं आणि नानांनी "हा आलो" म्हणून निघायचं, हा नेम. मंडई पाऊण तासाच्या आत जाऊन येण्यासारखी. नाना चार तासांनी येत. कारण नानांवर ओळखींचा भार होता. शहरात कोपऱ्याकोपऱ्यावर त्यांना खेचणारं कोणी ना कोणी उभं. एकानं शनिपारापाशी वळवायचं, त्यानं दुसऱ्याच्या दुकानात नेऊन सोडायचं, दुकानदारानं वाड्यातल्या आजारी माणसाला बघायला धाडायचं. घरून उत्तरेला गेलेले नाना परत येत ते कधी पूर्वेकडून, कधी पश्चिमेकडून, एकदा तर वरून, म्हणजे पर्वतीच्या पायऱ्या उतरत आले. ते ज्या बाजूनं येत त्यावरून ते कुठे होते हे ओळखणं म्हणजे लॉटरी. काकूंनी तो नाद कधीच सोडला होता.

काकूंचा भरवसा होता बंड्यावर. शेजारचा बंड्या दहा वर्षांचा. त्याला शहरात कुत्रंही ओळखत नव्हतं. त्यामुळे तो निघाला की सरळ येई. "काकू, नाना भिकारदास मारुतीपाशी कुणाशी तरी भांडताहेत!" एवढं सांगून तो विटीदांडूला पसार. मग काकू आमटीला फोडणी द्यायची की नाही ते ठरवत.

१२ जुलै १९६१ ला सकाळी नाना असेच कोथिंबिरीला गेले, आणि त्या दिवशी पानशेतचं धरण फुटलं. दुपारपर्यंत नदीकाठच्या पेठांतून पाणी शिरलं. माणसं पोराबाळांना घेऊन पर्वतीकडे धावत होती. काकू दारात उभ्या राहून येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होत्या. कोणी नारायण पेठेतून निघालेला, पण स्वारगेटकडून वळसा घालून आलेला. कोणी कसब्यातला, तो कसा आला ते त्याचं त्यालाच सांगता येत नव्हतं. शंभर माणसं शंभर दिशांनी आली, आणि एकाकडेही नानांची बातमी नव्हती. संध्याकाळी दिवे नव्हते. काकू काही बोलत नव्हत्या. तेवढ्यात अंधारातून बंड्या धापा टाकत सरळ ओट्यावर आला. "काकू, नाना पाण्याच्या काठाला एका पायरीवर बसलेत. कुणाच्या तरी म्हातारीची ट्रंक सांभाळताहेत. म्हणाले, ती येईपर्यंत हलणार नाही." काकूंनी आत जाऊन स्टोव्ह पेटवला. तोपर्यंत घरात कोणाच्या पोटात अन्न नव्हतं.

नाना दुसऱ्या दिवशी आले, अर्थात भलत्याच दिशेनं, आणि पायऱ्यांवरूनच म्हणाले, "कोथिंबीर मिळाली नाही."

विश्वकिरणांच्या जगातला बंड्या म्हणजे गॅमा किरण. हा खरा किरण. ह्याच्यावर भार नाही, ह्याला कोणतंही चुंबकीय क्षेत्र ओळखत नाही, त्यामुळे जिथून निघेल तिथून सरळ येतो. आणि तो निघतो कुठून? भटकणारा प्रोटॉन आकाशगंगेतल्या वायूच्या एखाद्या ढगावर, म्हणजे ढगातल्या एखाद्या अणूच्या केंद्रकावर धडकला की त्यातून पायॉन नावाचे कण उडतात. त्यातला जो बिनभाराचा पायॉन, त्याला सेकंदाचा दहा हजार अब्जांवा हिस्साही जगायला मिळत नाही. तो जागच्या जागी मोडतो आणि त्याचे दोन गॅमा किरण होतात. त्यातला एखादा आपल्या दिशेनं निघाला की बातमी आली: प्रोटॉन अमुक ढगापाशी कुणाशी तरी भांडताहेत.

असं होत असणार हे जपानच्या हायाकावांनी १९५२ मध्येच सांगून ठेवलं होतं. पण हवेच्या वर गेल्याशिवाय हे किरण पकडता येईनात. १९६७ मध्ये अमेरिकेनं सोडलेल्या ओएसओ-३ ह्या उपग्रहानं सोळा महिन्यांत पकडले ते सारे मिळून ६२१. आमच्या धाकट्या मेहुणीच्या लग्नात ह्याहून जास्त माणसं जेवून गेली. पण तेवढ्या ६२१ वरूनही दिसलं, की जास्तीत जास्त किरण आकाशगंगेच्या पट्ट्याकडूनच येताहेत. जिथे वायू दाट, तिथे बातम्याही दाट.

प्रोटॉन किती हिंडतात तेही एव्हाना कळलं आहे, आणि ते ज्या रीतीनं कळलं ती मला फार आवडते. मुलगा कुठे उंडारून आला ते सांगत नसेल तर आई त्याच्या चपलांची माती बघते. लिथियम, बेरिलियम, बोरॉन ही मूलद्रव्यं ताऱ्यांत फार थोडी, पण विश्वकिरणांत मात्र भरपूर. वाटेत कार्बन, ऑक्सिजनची केंद्रकं वायूवर आदळून फुटतात, त्यांचे हे तुकडे. त्यावरून किती वायू तुडवला ते कळतं. त्यातही बेरिलियमचा एक प्रकार असा, की तो सुमारे चौदा लाख वर्षांत निम्मा होतो. तो आपल्यापर्यंत पोचेतो बहुतेक संपलेला असतो. म्हणजे हे लोक कोटीभर वर्षं तरी आकाशगंगेत भटकत असतात. सरळ आले असते तर काही हजार वर्षांत बाहेर पडले असते. कोटीभर वर्षं! आणि आपण नानांना चार तासांबद्दल बोलत होतो.

मात्र प्रोटॉन मुळात घराबाहेर पडतात ते कुठून? संशय १९३४ पासून होता. बाडे आणि झ्विकी ह्या दोघांनी तेव्हाच अतिनवताऱ्यांकडे, म्हणजे फुटणाऱ्या प्रचंड ताऱ्यांकडे, बोट दाखवलं होतं. कणांना एवढा वेग कसा मिळतो ह्याचं मर्म एन्रिको फर्मींनी १९४९ साली सांगितलं. ते समजायला सरकारी कचेरीत जाऊन आलं की पुरे. फाईल ह्या टेबलावरून त्या टेबलावर जाते, तिथून शेरा मारून परत येते, पुन्हा जाते. प्रत्येक खेपेला ती थोडी फुगते. फुटलेल्या ताऱ्याच्या आघातलाटेपाशी प्रोटॉनाचं हेच होतं. लाटेच्या ह्या बाजूकडून त्या बाजूला, तिकडून परत. प्रत्येक खेपेला ऊर्जा थोडी वाढते. हजारो खेपांनंतर तो इतका फुगतो की कचेरीत मावत नाही आणि बाहेर पडतो. फरक एवढाच, की प्रोटॉन बाहेर पडतो.

पण संशय वेगळा आणि पुरावा वेगळा. गॅमा किरण नुसता दिसून भागत नाही, कारण इलेक्ट्रॉनही ताऱ्यांच्या प्रकाशाला धक्का मारून गॅमा किरण निर्माण करू शकतात. म्हणजे बंड्यानं पाहिलेले नाना भलत्याच घरचे नाना असू शकतात. अशा वेळी काकू विचारत, "टोपी होती का?" पायॉनपासून झालेल्या गॅमा किरणांचीही अशी एक टोपी आहे: त्यांचा ऊर्जेचा आलेख कमी ऊर्जेकडे एका ठरावीक जागी झपकन खाली उतरतो, इलेक्ट्रॉनांचा तसा उतरत नाही. २००८ मध्ये आकाशात गेलेल्या दुर्बिणीला ह्याच फर्मींचं नाव आहे. तिनं मिथुन राशीत आणि गरुड तारकासमूहात फुटलेल्या दोन ताऱ्यांच्या अवशेषांवर चार वर्षं डोळा ठेवला, आणि २०१३ मध्ये टोपी सापडली. हेस फुग्यातून उतरल्याला तोवर शंभर वर्षं उलटून गेली होती.

ह्या पायॉनच्या गोष्टीत एक नाव आपल्या घरचं आहे आणि ते फारसं कोणी घेत नाही. बिभा चौधुरी आणि त्यांचे गुरू देवेंद्रमोहन बोस ह्यांनी दार्जिलिंगच्या डोंगरांत छायाचित्रणाच्या काचा उघड्यावर ठेवून विश्वकिरणांचे ठसे घेतले. त्यात प्रोटॉनहून हलक्या कणांच्या खुणा सापडल्या. महायुद्ध सुरू झालं, हव्या तशा चांगल्या काचा मिळेनात, काम अडलं. पुढे सुधारलेल्या काचा वापरून इंग्लंडमध्ये सेसिल पॉवेल ह्यांनी १९४७ मध्ये पायॉन शोधला आणि १९५० चं नोबेल घेतलं. बिभाताई मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्या. होमी भाभांची ही संस्था मुंबईत सुरू झाली ती पेडर रोडवरच्या एका बंगल्यात; आणि भाभांचं स्वतःचं नाव झालं होतं तेही विश्वकिरणांच्या वर्षावाचं गणित सोडवूनच. २०१९ मध्ये एका ताऱ्याला 'बिभा' नाव मिळालं. आपल्याकडे हयात माणसाला चौकसुद्धा मिळत नाही, तेव्हा तारा म्हणजे पुष्कळच. पण काचा मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता कोणी म्हणेल, एकदा पत्ता लागला, प्रश्न मिटला. छे! हा पत्ता लागला तो साध्या पाहुण्यांचा. अधूनमधून एखादा असा येतो की ज्याला आकाशगंगेचं क्षेत्र फारसं वळवूच शकत नाही, इतकी त्याची ऊर्जा. २७ मे २०२१ ला अमेरिकेत यूटाच्या वाळवंटात एक नोंदला गेला. जपानी शास्त्रज्ञांनी त्याला 'अमातेरासू' ह्या सूर्यदेवीचं नाव दिलं. तीन किलोची वीट छातीएवढ्या उंचीवरून पायावर पडली तर जो दणका बसेल, तेवढी ऊर्जा त्या एका, डोळ्यांना न दिसणाऱ्या कणात! हा सरळ आला असणार, तेव्हा आला त्या दिशेनं बघितलं की घर सापडायला हवं. शास्त्रज्ञांनी बघितलं. त्या दिशेला जवळपास काही नाही. विश्वातला एक मोठा ओसाड भाग. म्हणजे इतक्या वर्षांनी एका पाहुण्यानं धडधडीत पत्ता दिला, रिक्षा करून तिथे गेलो, आणि बघतो तर मोकळा प्लॉट!

आपली माणसंही स्वस्थ बसलेली नाहीत. बाकीचं जग उटीला हवा खायला जातं. आपले आणि जपानचे शास्त्रज्ञ तिथे बसून म्युऑन मोजतात. १ डिसेंबर २०१४ ला उटीवरून एक वादळी ढग गेला तेव्हा म्युऑन थोडे कमी भरले. त्या तुटीवरून त्यांनी ढगातला विद्युतदाब काढला: १३० कोटी व्होल्ट. तेव्हाच्या लोकसंख्येच्या हिशेबानं जवळजवळ माणशी एक.

आणि लडाखमध्ये हानले इथे, ४,३०० मीटर उंचीवर, ४ ऑक्टोबर २०२४ ला 'मेस' नावाच्या मोठ्या दुर्बिणीचं उद्घाटन झालं. एकवीस मीटर व्यासाचा आरसा, ३५६ चौकटी जोडून केलेला. तिचं सगळं लक्ष गॅमा किरणांकडे. गॅमा किरण आपल्या हवेत शिरून फुटला की निळसर प्रकाशाची एक झुळूक येते, सेकंदाच्या काही अब्जांश भागांपुरती. ती टिपायला काळीकुट्ट रात्र लागते. म्हणून हानलेच्या आसपासची माणसं रात्री खिडक्यांना जाड पडदे लावतात, गाडीचे दिवे मंद ठेवतात, आणि उगाच बाहेर बॅटरी फिरवत नाहीत. आमच्या गल्लीत गणपतीचे हॅलोजन अनंत चतुर्दशीनंतरही आठ दिवस तसेच जळत असतात. त्यांच्या उजेडात मी हानलेच्या त्या पडद्यांविषयी वाचलं. कुठली कोण माणसं, कुठल्या कुठे फुटलेल्या ताऱ्याची बातमी सरळ पोचावी म्हणून संध्याकाळी उठून पडदे ओढतात आणि आत चहा ठेवतात.